तो धावत येईल, याची वाट किती दिवस बघायची?

पत्राचा गोषवारा: वाचक परभणीची, वय २७, बँकेत नोकरीला. छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात असताना जमलेलं प्रेम, आता पाचवं वर्ष. तो जिंतूर तालुक्यातल्या शेतकरी घरातला, सध्या हिंजवडीत कंपनीत. जात वेगळी. दोन्ही घरी अजून कुणाला काही माहीत नाही. तीही दीड वर्ष पुण्यात होती, वडिलांच्या आजारपणामुळे परत आली. तेव्हापासून त्याचे फोन कमी झाले, बोलण्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं नाव वाढलं, आणि विचारलं की उत्तर येतं, 'सगळं कॉम्प्लिकेटेड झालंय, मलाच कळत नाहीये.' मधल्या काळात नांदेडचं स्थळ आलंय. मुलगा कृषी खात्यात, त्यांच्याकडून पसंती आहे. घरच्यांना दिवाळीच्या आत उत्तर हवंय, म्हणजे तुळशीचं लग्न झालं की तारीख धरता येईल. ती रोज रात्री हेडफोन लावून मोठ्या शहरांतल्या प्रेमाचे हलकेफुलके सिनेमे बघते आणि विचारते, 'त्यांच्यातही असाच गुंता होतो आणि शेवटी त्याला कळतंच. मी न सांगता पुण्याला जाऊन त्याच्यासमोर उभी राहू का? की थांबू?'

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या चार पानांच्या पत्रातली जवळजवळ तीन पानं सिनेमांवर आहेत. कोण कुणाला कुठं भेटलं, कुणाला उशिरा उमजलं, कोण विमानतळावर पळत सुटलं, हे तू इतकं मन लावून लिहिलं आहेस की वाचताना मीही त्यात रमले. तो मात्र पाच-सहा ओळींतच आहे, आणि त्यातलं त्याच्या तोंडचं असं फारच थोडं. 'त्याला भीती वाटत असेल', 'त्याला माझी किंमत दूर गेल्यावर कळेल', 'ती मुलगी फक्त मधली पायरी असेल' ही सगळी वाक्यं तुझी आहेत. मला सगळ्यात आधी हेच खटकलं.

सिनेमे बघण्याची तुला लाज वाटते, 'एवढी शिकलेली असून' असं लिहिलंस. ती लाज आधी काढून टाक. दिवसभर काउंटरसमोर पीकविम्याचे पैसे जमा झाले का विचारणारी रांग, घरी आल्यावर वडिलांची औषधं, आणि त्यात मनातलं कुणाला सांगायची सोय नाही. अशा दिवसाच्या शेवटी दोन माणसांना हसतखेळत प्रेमात पडताना बघावंसं वाटलं तर त्यात काय चुकलं? शिवाय हे सिनेमे एक गोष्ट प्रामाणिकपणे दाखवतात. प्रेम असूनही माणूस गोंधळलेला असू शकतो, बाईसुद्धा 'माझं नक्की होत नाहीये' म्हणू शकते. आपल्याकडे ही मुभा फारशी कुणी देत नाही. एकतर पळून जा, नाहीतर विसरून जा, यांच्या मधलं काही बोलायलाच जागा नसते. ती जागा तुला पडद्यावर सापडली, हे मी समजू शकते.

पण 'त्यांच्यातही असंच असतं' हे तुझं वाक्य मला तपासून बघायचंय.

हे सिनेमे मुंबईत, दिल्लीत, न्यूयॉर्कमध्येच का घडतात, याचा विचार केलास का? तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही म्हणून. दोघं अनोळखी माणसं बसस्टॉपवर भेटू शकतात, भाड्याच्या खोलीत राहू शकतात, तासन् तास चहा पीत बसू शकतात. आईबाप दूर कुठंतरी असतात, जातीचा विषय बहुतेक वेळा निघतच नाही. बाहेरची अडचण अशी काढून टाकली की लेखकाला ती मनात तयार करावी लागते. सांगू की नको, तिचं जुनं प्रकरण संपलं का, मैत्री तुटली तर काय. आणि ही अडचण दोन तास टिकवावी लागते. पहिल्या अर्ध्या तासात दोघं समोरासमोर बसून नीट बोलली तर पुढं सिनेमाच उरत नाही. चालढकल ही त्या गोष्टीची गरज असते. त्यामुळं बघता बघता आपल्याला वाटायला लागतं की जितका उशीर, तितकं प्रेम खोल.

परभणीत उलटं आहे. स्टेशन रोडला रसवंतीत कुणाबरोबर बसलीस तर तू घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. इथल्या अडचणी मनाबाहेरच्या आहेत. जात, बहिणीचं लग्न, डोक्यावरचं कर्ज, पाहुणे काय म्हणतील. त्या खऱ्या आहेत आणि जडही आहेत, पण त्या मोजता येतात. कुणाशी बोलायचं, कधी बोलायचं, किती दिवस लागतील, हे ठरवता येतं.

आता तुझ्या पत्रातला तो पोळ्याचा प्रसंग घे. तो गावी आला, तुम्ही रसवंतीत वीस मिनिटं भेटलात. तो दाराकडं तोंड करून बसला, फोन टेबलावर उताणा ठेवला. तू 'पुढं काय?' विचारलंस. तो म्हणाला, 'आधी बहिणीचं होऊ दे, अण्णा आत्ता ऐकणार नाहीत.' मग आठवड्यानं पुण्याहून फोनवर म्हणाला, 'मला वेळ हवाय, मलाच कळत नाहीये.'

ही दोन वेगवेगळी उत्तरं आहेत. बहिणीचं लग्न हीच अडचण असेल तर त्याचं मन ठरलेलं आहे, फक्त तारीख ठरायची आहे. आणि मनच ठरलेलं नसेल तर बहिणीच्या लग्नाचा इथं संबंधच येत नाही. तो गावी असला की गावाकडची अडचण पुढं करतो, पुण्यात असला की शहरातली. तू दोन्हींना मान डोलावतेस, कारण एकीचा अनुभव तुला घरात आहे आणि दुसरी तू रोज रात्री बघतेस. तुझं सगळं घोंगडं इथं भिजत पडलंय.

मी त्याला लबाड म्हणत नाही. घरातला पहिला बाहेर पडलेला मुलगा, गावाकडं सोयाबीनचा भाव पडला की फोन त्यालाच येणार, बहिणीच्या लग्नाचा खर्च त्याच्याकडूनच धरलेला. त्याला खरोखर भीती वाटत असेल, आणि त्या भीतीपोटी स्वतःच्या मनाकडं बघायचंच तो टाळत असेल. पण न बोललेल्या भीतीची किंमत आज तू भरते आहेस. त्याचं वय तिशीकडं गेलं तरी त्याच्या घरी कुणी दिवाळ्या मोजणार नाही. तुझ्या घरी मोजतात. हा अन्याय आहे, पण आहे. तेव्हा 'थांबू का?' या प्रश्नाआधी तू त्याला विचारायला हवं, 'नेमकं कशासाठी थांबू?'

न बोललेलं ऐकण्याची सवय किती जुनी आहे ते बघ. १९७४ सालचा 'रजनीगंधा' तू पाहिलेला दिसत नाहीस, पत्रात त्याचं नाव नाही. जरूर बघ. मन्नू भंडारींच्या 'यही सच है' या कथेवरून बासू चटर्जींनी केलेला. त्यातली दीपा दिल्लीची. तिथं तिचा संजय आहे, नेहमी उशिरा येणारा, ऑफिसच्या आणि बढतीच्या गप्पांत बुडालेला. नोकरीच्या मुलाखतीसाठी ती मुंबईला जाते तेव्हा कॉलेजातला तिचा जुना प्रियकर नवीन तिच्या मदतीला धावतो, तिला सगळीकडं घेऊन फिरतो. तो आता काहीतरी म्हणेल, आता म्हणेल, असं तिला प्रत्येक क्षणी वाटत राहतं. तो स्पष्ट काहीच म्हणत नाही. टॅक्सीतली त्याची शांतता, त्याचं बघणं, यावर ती मनात एक अख्खं घर बांधते. शेवटी काय होतं ते सांगत नाही, पण त्या मुंबईतल्या दीपाच्या चेहऱ्याकडं नीट बघ. तू सध्या तिथं आहेस.

आता धावत येण्याबद्दल. तुझा सगळ्यात आवडता, १९८९ चा 'व्हेन हॅरी मेट सॅली'. नववर्षाच्या आदल्या रात्री हॅरी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून पळत येतो, तो प्रसंग तू पत्रात जवळजवळ पाठच लिहिला आहेस. पण तो पळत आल्यावर काय करतो? तिच्या बारीकसारीक सवयी एकेक करून सांगतो, आणि उरलेलं आयुष्य तिच्याबरोबरच काढायचंय हे सरळ शब्दांत सांगतो. बारा वर्षांच्या ओळखीत ते दोघं एकमेकांशी भरपूर बोललेले आहेत, भांडलेले आहेत, म्हणून त्याला ते सांगता येतं. तिचं मन त्या बोलण्यानं वळतं, पळण्यानं नाही. आणि अजून एक. लेखिका नोरा एफ्रॉन आणि दिग्दर्शक रॉब रायनर यांच्या मनात आधी हे दोघं एकत्र येणारच नव्हते. चित्रीकरणाच्या काळात रायनर स्वतः एका तरुणीच्या प्रेमात पडले, पुढं तिच्याशीच त्यांचं लग्न झालं, आणि सिनेमाचा शेवट बदलला. म्हणजे ज्या शेवटावर तू आपला निर्णय टांगून ठेवते आहेस, तो दिग्दर्शकाच्या त्या वेळच्या आयुष्यातून आलाय. तुझ्या माणसाच्या मनात काय आहे ते त्यातून कसं कळणार?

तर मग न सांगता पुण्याला जावं का? नको. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पहाटे पाचला खराडीला उतरायचं, तिथून शहराच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी गाठायची, आणि रूम पार्टनर झोपलेल्या फ्लॅटची बेल वाजवायची. तो त्या घटकेला जे बोलेल ते दचकून बोललेलं असेल. 'हो' म्हणाला तरी तुला महिन्याभरानं शंका येईल की दबावाखाली म्हणाला का. 'नाही' म्हणाला तर परक्या दारात, रात्रभर न झोपलेली तू एकटी. शिवाय मला वाटतं, अचानक जाण्यामागं अर्धी इच्छा त्याला चकित करण्याची आणि अर्धी त्या मैत्रिणीबद्दल बघून येण्याची आहे. बघायला जायची वेळ आली असेल तर विचारायची वेळ त्याच्या आधीच येऊन गेली.

पुण्याला जा, पण सांगून जा. मेसेज नको, फोन कर. म्हण, 'अमुक शनिवारी मी येतेय. लग्नाबद्दल बोलायचंय. दोन-तीन तास मोकळे ठेव.' विषय आधीच सांगणं महत्त्वाचं आहे, म्हणजे त्याला विचार करून यायला वेळ मिळतो आणि 'तू एकदम विचारलंस' म्हणायला जागा राहत नाही. ऑफिसचं खरंच काही निघालं तर दुसरा एक दिवस दे. तिसरा देऊ नकोस. दुसऱ्यांदाही पुढं ढकललं तर तेच त्याचं उत्तर समज. उतर तुझ्या पुण्यातल्या जुन्या रूममेटकडं, त्याच्याकडं नाही. आणि हे सगळं दसऱ्याच्या आधी उरक, कारण दिवाळी जवळ आली की तुझ्या घरचा रेटा वाढेल आणि तुला डोकं शांत ठेवता येणार नाही.

भेटल्यावर त्याच्या मनाचा प्रश्न आणि घरचा प्रश्न वेगळे काढ. आधी मनाचा. 'घरच्यांचं बाजूला ठेव. तुला माझ्याशी लग्न करायचंय का?' मैत्रिणीबद्दलही इथंच, आडपडदा न ठेवता विचार, आणि तिच्याबद्दल वाईट बोलू नकोस. तिला कदाचित तू आहेस हेही माहीत नसेल. याचं उत्तर स्पष्ट 'हो' आलं तरच पुढं घरच्या प्रश्नाकडं वळ. घरी कोण सांगणार, आधी कुणाला, कोणत्या महिन्यात. आपल्याकडं अशा वेळी मामाचा शब्द चालतो, कधी थोरल्या वहिनीचा. दोन्हीकडचं असं एकेक माणूस तिथंच बसून ठरवा.

'आधी पुण्यात कोर्ट मॅरेज करू, मग घरी सांगू' असं तो म्हणाला, तर एक गोष्ट तुम्हा दोघांना ठाऊक हवी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची लेखी नोटीस ३० दिवस आधी द्यावी लागते, आणि ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची तिथं दोघांपैकी एकाचं निदान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस कार्यालयात लावली जाते. तुमच्यापैकी कुणाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडंही जाते आणि तिथंही लागते. म्हणजे पुण्यात दिलेली नोटीस परभणीच्या कार्यालयातही दिसणार. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती पुन्हा द्यावी लागते. घरच्यांना बोर्डावरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळणं केव्हाही बरं. तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटत असेल, तरच वेगळा विचार करायचा, आणि मग आधी वकिलाचा सल्ला आणि पोलिसांचं संरक्षण मागायचं.

आणि तो पुन्हा 'मलाच कळत नाहीये' म्हणाला तर? पाच वर्षांनंतर, आधी सांगून, समोर बसून विचारल्यावरही ते आलं, तर त्याला आजचा नकार धर. त्याला वेळ हवा असेल तर तो त्याचा हक्क आहे. पण तो वेळ तुझ्या वर्षांतून कापून द्यायला तू बांधील नाहीस. खूप रडू येईल. येऊ दे. घरात कुणाला सांगता येत नसेल तर त्या रूममेटकडं चार दिवस राहा, पण कुणाला तरी सांग. तुझं हे दुःख पाच वर्षं चोरून ठेवलेल्या प्रेमाचं आहे, त्यामुळं ते गेल्याचंही कुणाला कळणार नाही, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

अशीच पत्रं मुलांकडूनही येतात. त्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की 'नाही' म्हणून तिचं मन कशाला दुखवायचं, आपोआप कमी होईल. आपोआप काही होत नाही, बाबांनो. ती तुमच्या गप्प राहण्याचेही अर्थ लावत बसते.

आता नांदेडचं स्थळ. ते तू पत्रात 'घरच्यांनी आणलेलं' एवढ्यावर उडवून लावलंस, जणू प्रेम हवं तर पुणे आणि नको तर नांदेड. हा हिशोब मला पटत नाही. तुझ्याच आवडत्या हॅरी-सॅलीत मधून मधून म्हातारी जोडपी सोफ्यावर बसून आपण कसे भेटलो ते सांगतात, आठवतं? त्यातला एक आजोबा सांगतो की त्याचं लग्न ठरवून झालं. होकार द्यायच्या आधी तो लपतछपत तिच्या गावी गेला आणि झाडाआडून तिला कपडे धुताना बघून आला. न्यूयॉर्कच्या प्रेमाची एवढी गाजलेली गोष्ट, आणि तिच्या पोटात एक स्थळ आहे. आपला 'मुंबई-पुणे-मुंबई' २०१० साली आला, त्यात तर सगळा दिवसच बघण्याच्या कार्यक्रमापायी घडतो. स्थळ म्हटलं की प्रेमाचं दार बंद, हे तू कुठून घेतलंस?

याचा अर्थ नांदेडला हो म्हण असा बिलकूल नाही. पुण्याहून दुखावून आलीस म्हणून रागाच्या भरात हो म्हणशील, ही भीती मला जास्त आहे. ते करू नकोस. घरी आईला सांग, 'मला मुलाशी एकटीनं बोलायचंय, आणि दिवाळीच्या आत हो म्हणायलाच हवं ही अट मला मान्य नाही.' वडिलांच्या तब्येतीमुळं तुला हे बोलणं जड जाईल. तरी बोल. मुलाला भेटलीस तर बँकेतली नोकरी, बदली, तुझ्या आईवडिलांची जबाबदारी, याबद्दल विचार. देण्याघेण्याची भाषा निघाली तर तिथंच थांब. हुंडा मागणं आणि देणं दोन्ही १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, मग त्याला 'पोरीच्या हौसेचं' म्हणोत नाहीतर आणखी काही.

या सगळ्या सिनेमांबद्दल माझी एक तक्रार फार दिवसांची आहे. नायिका शेवटी मंडपातून उठून पळते, आपण टाळ्या वाजवतो. मागं उभा राहिलेला तो दुसरा मुलगा मात्र कॅमेऱ्यातून निघून जातो. त्याच्या घरी त्या रात्री काय झालं, त्याच्या आईनं पाहुण्यांना काय सांगितलं, हे कुणी दाखवत नाही. तुझ्या गोष्टीत तो मुलगा नांदेडला राहतो. त्याच्या घरच्यांनी पसंती कळवल्यावर बाकीची स्थळं थांबवली असतील, त्यानंही मनात काही ठरवलं असेल. तुझा निर्णय पुण्याच्या भेटीवर अडकलाय, हे त्याला माहीत नाही. म्हणून पुण्याला निघायच्या आधी मध्यस्थांकरवी त्यांना एवढं तरी कळव की आमचा विचार झालेला नाही, तुम्ही दुसरी स्थळं थांबवू नका. घरचे रागावतील, 'चांगलं स्थळ हातचं घालवलंस' म्हणतील. त्यांना रागावू दे.